अर्ध्यासाठी बसू नकोस

चार पानं हातात येतील, सत्तू,
पण वापरायची दोनच.
दोन तुझी, तीन टेबलावरची.
परवा रात्री एकट्या बदामच्या एक्क्यावर
फ्लश लागला म्हणून केवढ्यांदा ओरडलास,
आईनं सुपातली पानं खाली ठेवली
आणि तुझ्याकडं बघत राहिली.
ओमाहा आहे बे हा. तीनपत्ती नाही.

अर्धा पॉट मोठ्या हाताला,
अर्धा लहान हाताला.
अठ्ठीपर्यंतचीच पाच पानं, सगळी वेगळी,
एक्का त्यात सगळ्यांत धाकटा.
काहीच नसणं हीसुद्धा इथं एक बाजू आहे
आणि तिच्यासाठीही मारामारी आहे.

आई तेंदूची पानं कशी निवडते?
शीर जाड, बाजूला.
डाग, बाजूला.
कारखान्यात चेकर मूठभरून छाट काढतो,
त्याआधी ती घरीच काढते.
तसं कर.
सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी,
अशी मधली गर्दी आली की टाक.
चारही राजे आले तरी टाक,
दोन बसतील, दोन उभेच राहतील.
दहातले सात डाव नुसते बघायचे.
कंटाळा येतो म्हणतोस.
कंटाळ्याचेच पैसे आहेत त्यात.

एक्का-दुर्री दिसली की सगळेच फुगतात.
टेबलावर दुसरी दुर्री पडली
की तुझ्या हातातली मेली.
म्हणून शेजारी तिर्री हवी.
नळ चार दिवसांनी येतो
म्हणून आपण दुसरं पिंप भरून ठेवतो ना,
तशी तिर्री.

नाना जॅकार्डवर चादर विणायचे.
मोर इकडून तांबडा, पालथी घातली की पांढरा,
उलटी बाजू अशी नाहीच तिला.
तसला हात आला तरच पुढं जा,
दोन्हीकडून पांघरता येईल असा.
एक्का, दुर्री, तिर्री, राजा,
एक्क्याच्या रंगाचं आणखी एखादं पान.
बाकी, अर्ध्यासाठी बसू नकोस.

कारण अर्ध्याचं पाव होतं.
तुझ्याकडं एक्का-दुर्री,
समोर कुणीतरी तीच घेऊन गप्प बसलेला,
तिसऱ्याकडं मोठा हात.
तू रेजवर रेज.
प्रत्येकाचे शंभर गेले,
तुला परत पंचाहत्तर.
वर स्क्रीनवर झगमग: तुम्ही जिंकलात.

साखर पेठेतल्या शेडमध्ये आठ लूम होते.
अर्धे आपले, नानांची खात्री.
तारीख, वकील, पुन्हा तारीख,
आईच्या बांगड्या, पुन्हा वकील.
मग राजय्याकाका आले.
तोच कागद, तोच शिक्का,
तीच आजोबांची डावीकडं झुकलेली सही.
आठातले दोन लूम मिळाले आपल्याला.
त्यातल्या एकाचा धोटा अजून कपाटावर आहे,
तू लहानपणी त्याला बोट म्हणून पाण्यात सोडायचास.
नाना पेढे घेऊन आले होते.
आईनं एक खाल्ला
आणि त्या रात्री दोनशे विड्या जास्त वळल्या.

मी चिडत नाहीये.
खोट्या चकत्या आहेत, माहीत आहे मला,
खरे पैसे असते तर फोनच काढून घेतला असता.
पण हात खोट्यावरच बसतो रे.
टॉवेलच्या कारखान्यात पहिला महिना
मला रद्दी कापडाच्याच घड्या घालायला दिल्या होत्या.

आणि एकच टेबल लाव. चार लावतोस,
चारही खिडक्यांत तोंड घालून बसतोस,
कुणाची दुर्री कधी मेली कळत नाही तुला.
पंधरा सेकंद आहेत तर बारा वापर.
हरल्यावर उठ. शेंगाचटणी-भाकरी खा.
कडक असते, चावायला वेळ लागतो,
तेवढ्यात राग उतरतो.

थांब.
मोरीत आवाज आला का?
नळ आलाय. दोन वाजले बघ.
फोल्ड कर.
काय आलंय ते सांगू नकोस मला,
एक्का-दुर्री-तिर्री असली तरी फोल्ड कर.
ऊठ, तू पाइप धर,
मी आईला न उठवता पिंपं सरकवते.